देशाचे नाव माझ्या तोंडावर

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही बोटाएवढे आहात, पोलादाचे आहात, आणि तुमच्या एका टोकावर आपल्या देशाचे नाव कोरलेले आहे. तेही उलटे, आरशात दिसते तसे. दुसऱ्या टोकावर दिवसभर हातोडा पडतो. डोक्यावर घाव बसला की तोंडाखालच्या धातूवर ते नाव सुलटे उमटते. आली कल्पना? डोके ठणकले? मग तुम्ही मला ओळखलेत. मी एक जुना ठसा आहे.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला भट्टी, मध्ये पॉलिशची चाके, दुसऱ्या टोकाला खिडकीजवळ तपासणीचे टेबल. इथे शस्त्रक्रियेच्या कात्र्या बनतात. पोलाद मऊ असते तेव्हाच त्यावर नाव ठोकून घ्यावे लागते. मग कात्री भट्टीत लाल करायची आणि तेलात बुडवायची, म्हणजे ती कडक होते. कडक झाल्यावर तिच्यावर काही उमटत नाही. थोडक्यात, कात्री चांगली निघणार की वाईट हे कळायच्या आधीच तिच्यावर देशाचे नाव लागलेले असते. ही केवढी जोखीम आहे, पण तिचा विचार करतो कोण?

विचार एकाच माणसाने केला होता. थोरल्या मालकांनी. मला कोरून घेताना ते कारागिराला म्हणाले, "अक्षरं बारीक हवीत. उथळ ठेव, आणि कोपरे गोल कर." का, ते कारागिराने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. मोठ्या माणसांची ही एक खोडच असते. काय करायचे ते सांगतात, का करायचे ते पोटात ठेवतात, आणि मग त्यांच्यामागे आपण बसायचे डोके खाजवत.

तरी माझी वर्षे चांगली गेली. एका कात्रीवर एकच हलका घाव. कात्र्या कुठल्या कुठल्या देशांत जात. एकदा लांबून एक म्हातारा डॉक्टर कारखाना शोधत आला. त्याने खिशातून एक कात्री काढली. वापरून वापरून तिची पाती बारीक झाली होती, पण टोकाला टोक अजून नेमके भिडत होते. "ज्यांनी ही केली, त्यांना बघायला आलो," असे तो म्हणाला, आणि माझ्या अक्षरांवरून त्याने अंगठा फिरवला. मला विचाराल तर आमच्या देशाचा त्याहून मोठा सत्कार मी पाहिलेला नाही. तेव्हा ना भाषण झाले, ना फोटो निघाला.

पुढे कारखाना थोरल्या मालकांच्या मुलाकडे आला आणि तेच आमचे मालक झाले. त्यांची मोठी बहीण तपासणीच्या टेबलावर बसे. मालकांची मुलगी शाळा सुटली की तिथेच असायची. ती कुठल्याही फटीत शिरते म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत, आणि ती आत्या म्हणते म्हणून तपासणीवाल्या बाईंना मीही आत्याच म्हणू लागलो.

आत्याची एक रीत होती. पॉलिशचा मळ काढायला कात्र्या रॉकेलमध्ये धुतात. प्रत्येक ट्रेमधल्या काही कात्र्या आत्या कोरड्या पुसायची आणि त्यांवर पांढरा खडू घासायची. डोळ्यांना न दिसणारा तडा असेल तर त्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि खडूवर केसासारखी काळपट रेघ उमटते. रेघ उमटली की कात्री बाद. मग तिच्यावरचे नाव चाकावर घासून काढायचे आणि मगच ती भंगारात टाकायची. नाव असलेली वस्तू भंगारात जाता कामा नये, असा आमच्याकडे दंडक होता.

एके दिवशी मालक परदेशातल्या प्रदर्शनातून परतले ते धुमसतच.

"ताई, एका माणसाने आपली कात्री हातात घेतली, बोटांत घालून पाहिली, खूश झाला. मग विचारतो, ही कुठल्या देशाची? अगं, नाव त्याच्या नाकासमोर होतं. चष्मा पुसून पुसून बघतोय, तरी वाचता येईना. शेजारच्या दुकानात त्यांच्या देशाचं नाव बघ, हे एवढं."

"आणि त्यांच्या कात्र्या कशा होत्या?"

"त्या कुठे बघितल्या मी?"

"घ्या. नाव बघून आलास, कात्री न बघता."

"तू थट्टाच कर. आपल्या देशाला कोणी ओळखत नाही याचं तुला काहीच वाटत नाही."

"वाटतं ना. म्हणून तर दिवसभर इथे डोळे फोडते."

पण मालकांनी मनावर घेतले होते. आठवड्याभरात नवा ठसा आला. माझ्या दुप्पट जाड, अक्षरे टोकदार, कोपरे सुरीसारखे. त्याच्यावर एक घाव पुरेना, म्हणून तीन घालू लागले. नाव असे खोल उमटले की लांबून वाचावे. सगळ्यांनी वाहवा केली. माझी रवानगी खणात झाली, वाळलेल्या डिंकाच्या बाटलीशेजारी आणि दात पडलेल्या कंगव्याशेजारी. देशाचे नाव तोंडावर घेऊन मी कंगव्याच्या शेजारी पडलो होतो. बोलून काही उपयोग नव्हता; ठशाला तोंड असते, पण ऐकतो कोण?

त्यातच परदेशी इस्पितळांची मोठी मागणी आली. जहाजाची वेळ जवळ होती. आत्या म्हणाली, "दोन दिवस दे, खडू लावून बघते."

"वर्षानुवर्षं खडू लावतेस. कधी निघालाय का तडा?"

"कधीतरी निघतो."

"मग या खेपेला नाही निघणार. ताई, जहाज आपल्यासाठी थांबत नाही. उशीर झाला तर म्हणतील, या देशातली माणसं अशीच."

आत्याने खडू टेबलावर आपटला. पण शेवटी मालक तेच होते.

माल जाणार त्या दिवशी सकाळी मुंगीने खण उघडला. शाळेत प्रत्येकाला 'माझ्या देशाचा अभिमान' यावर बोलायचे होते. तिने वडिलांना विचारून मला घेतले, आणि धुऊन पुसलेली एक नवी कात्री घेतली. मी दप्तरात डब्याच्या बुडाखाली दबून शाळेत गेलो.

वर्गात एकेक जण उठून बोलत होता. कोणी उंच इमारती सांगितल्या, कोणी रुंद रस्ते. एक गोलमटोल मुलगा छाती काढून म्हणाला, "आपला देश सगळ्यांत महान आहे."

बाईंनी विचारले, "का बरं?"

"म्हणजे काय, का? आपलाच आहे ना तो."

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "बस बाबा, बस." मला मात्र हसू आले नाही. एवढीच गोष्ट मोठी माणसे भाषणात तासभर सांगतात.

मग मुंगी उठली. तिने मला दाखवले, नाव कसे ठोकतात ते सांगितले, मग कात्री वर धरली. "आमच्या कात्र्या जगभर जातात, आणि प्रत्येकीवर आपल्या देशाचं नाव असतं."

"नाव दिसत नाही, नुसतं चकाकतंय," मागच्या बाकावरून आवाज आला.

मुंगीने फळ्याजवळचा खडू उचलला आणि अक्षरे पांढरी दिसावीत म्हणून कात्रीवर घासला. जास्तीची पूड फुंकरीने उडवली आणि कात्री पुन्हा वर धरली. "आता?"

आता नाव दिसत होते. मुंगी पुढे बोलणार, इतक्यात तिचे लक्ष शेवटच्या अक्षराकडे गेले. त्याच्या टोकदार कोपऱ्यातून केसासारखी काळपट रेघ निघाली होती आणि कडेपर्यंत सरकत होती. मला एका क्षणात थोरले मालक आठवले. तेलात बुडताना पोलाद आखडते. जिथे खाच खोल आणि कोपरा तीक्ष्ण, तिथे ताण साठतो आणि ते तडकते. एवढे एक वाक्य त्यांनी तेव्हा सांगितले असते, तर काय बिघडले असते?

"काय झालं? पुढचं विसरलीस?" बाईंनी विचारले.

"नाही बाई. मला कारखान्यात जायला हवं. आत्ता."

तिने कात्री दाखवून कारण सांगितले. बाईंनी शिपाईमावशींना तिच्यासोबत पाठवले. आम्ही पोहोचलो तेव्हा टेम्पोत खोकी चढत होती. कोणी मोठे साहेब आले होते, आणि मालक त्यांच्याबरोबर फोटोला उभे होते.

"बाबा."

"नंतर, मुंगी."

"बाबा, नावाला तडा गेलाय."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. मालक हसले. "शाळेत पाडली असशील."

"नाही पाडली. ही रेघ बघा."

आत्या पुढे आली. तिने कात्री बघितली आणि जवळचे खोके फोडले. पहिल्या कात्रीवर खडू घासला. रेघ नव्हती. दुसरीवर घासला. सगळे वाट बघत राहिले. रेघ उमटली, त्याच कोपऱ्यातून.

"ताई, केसाएवढी तर आहे," मालक म्हणाले. "त्याने काही होत नाही. हे बघ." त्यांनी ती कात्री घेतली, जाड कापडाची घडी केली आणि जोर लावून कापायला गेले. कट्ट असा आवाज झाला. अर्धे नाव त्यांच्या हातात राहिले, अर्धे जमिनीवर पडले.

"एखादी निघते अशी," साहेब म्हणाले. "बाकीच्या चांगल्या असतील. चला, फोटो उरकून घेऊ."

मालक हातातल्या तुकड्याकडे बघत होते. "साहेब, माझ्या हातात कापड होतं," ते म्हणाले. "तिथे डॉक्टरच्या हाताखाली माणूस असेल."

साहेबांनी घड्याळ बघितले. मालक टेम्पोवाल्याकडे वळले. "खोकी उतरवा. सगळी." मग आत्याला म्हणाले, "फोन मी करतो. उशीर होणार, आणि का होणार, तेही सांगतो. काय म्हणायचं ते म्हणू देत."

मला परत कामावर घेतले का, ते विचारू नका. त्या गडबडीत मी दप्तरातच होतो आणि माझी कोणाला आठवणही नव्हती. पण मित्रांनो, एवढे ऐका. देशाचे नाव तुम्हीही कशा ना कशावर उमटवणार आहात. कोणी पुलावर, कोणी औषधावर, कोणी नुसत्या दिलेल्या शब्दावर. ते मोठ्याने ओरडायची घाई करू नका. आधी ती वस्तू नीट करा, तपासा, आणि का तपासायची ते लहानांना सांगून ठेवा. माझ्यासारख्याला बोलता येत नाही. तुम्हाला येते.

फोन करून मालक परतले तेव्हा आत्या आणि मुंगी टेबलाशी बसल्या होत्या. समोर कात्र्यांचा ढीग होता आणि दोघींचे हात पांढरे झाले होते. मुंगी बाकावर बाजूला सरकली, हातातल्या खडूचे तिने दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा वडिलांपुढे धरला.