कागदावर सोळा

क्रुझर नांदेडहून निघाली तेव्हा ड्रायव्हरशेजारची सीट रिकामीच ठेवली होती. ती हनुमंतची. गाडी कुणाचीही असो, गोदावरी स्पोर्टिंगच्या पाठीराख्यांत हा कायदा ठरलेला. लातूरच्या टीमला लातूरच्याच मैदानावर गाडून शील्ड आणणारा गोल ह्या माणसानं मारला होता, तेही सोळाव्या वर्षी. म्हणून मानाची जागा त्याची. खरं कारण वेगळंच होतं. हनुमंतचा डावा गुडघा पुरता दुमडत नव्हता आणि मागच्या बाकड्यावर तो पाय मावत नव्हता. पण जे मान म्हणून आपसूक मिळतंय ते दुखणं म्हणून कोण मागत बसतो? हनुमंत इतकी वर्षं गप्प बसून पुढं बसत आला होता.

आज लातूरला मॅच होती आणि मॅचच्या मधल्या सुट्टीत आप्पासाहेबांचा सत्कार. आप्पासाहेब म्हणजे गोदावरीचे जुने मॅनेजर. नांदेड सोडून लातूरला गेले आणि तिथं पोरापोरींची निवासी अकादमी काढून बसले. ज्या गावात डॉक्टर व्हायची शिकवणी, इंजिनिअर व्हायची शिकवणी, त्या गावात आता गोल मारायचीही शिकवणी. सत्कार जुन्या टीमच्या लोकांनी करायचा, असं त्यांच्याच माणसांनी कळवलं होतं. हार घालायला हनुमंत. दोन शब्द बोलायलाही हनुमंतच. आप्पासाहेबांनी घडवलेलं पोर म्हणून.

हार मागं सुदर्शनच्या मांडीवर पिशवीत होता. हनुमंतच्या डोक्यात मात्र सकाळचा फोन होता. भोकरहून अक्काचा, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, राजकन्येचा. तिची पोरगी साक्षी चौदा वर्षांची. शाळेच्या मॅचमध्ये आप्पासाहेबांनी तिला बघितलं आणि थेट घरी फोन केला. पोरगी लातूरला पाठवा, बायकांच्या खुल्या टीममध्ये उतरवतो. अक्का म्हणाली, तिथं सोळाच्या आत घेत न्हाईत म्हणं. तर साहेब बोलले, ते माझ्यावर सोडा. आजच्या आज उत्तर पायजे होतं त्यांना. साक्षीनं तर सकाळीच बॅग भरून दारात आणून ठेवली होती.

"हणमंता, तू त्यांच्या हाताखाली खेळलास," अक्का म्हणाली होती. "तू हाव म्हण, मी पाठवते. तू न्हाई म्हण, मी पोरीचं रडणं सोसते."

संध्याकाळी सांगतो, म्हणून त्यानं फोन ठेवला होता.

लोह्याच्या पुढं भांडण पेटलं. पेटवलं बालाजीनं. हा हदगावकडचा, कापूस-सोयाबीनवाला, रानातून सुट्टी मिळो न मिळो, मॅच चुकवत नाही. त्यानं विचारलं, सत्कार नेमका कशाबद्दल करून राहिलो आपण? टीम सोडून गेल्याबद्दल?

बसवराज मागच्या सीटवरून जवळजवळ उठलाच. हा देगलूरकडचा, नांदेडात औषधाच्या दुकानात उभा असतो, आणि आप्पासाहेबांचं नाव निघालं की त्याचा आवाज चढतो. तो म्हणाला, कोवळ्या पोरांना संधी देणारा मॅनेजर ह्या मुलखात दुसरा झाला नाही. आताचा मॅनेजर पोटं सुटलेले बाप्ये उतरवतो, हाफ टाइमला त्यांना खुर्ची लागते. आप्पासाहेबांनी मिसरूड न फुटलेली पोरं मैदानात घातली. शिवमूर्ती कुणी शोधला? पुण्यापर्यंत खेळला तो.

"पुण्यापर्यंत गेला," बालाजी म्हणाला. "खेळला किती, ते इचार."

सुदर्शननं मोबाइल काढला. तो टीमची आकडेवारी बाळगतो, आणि कुणी काही विचारलं की आधी चष्मा पुसतो. आप्पासाहेबांच्या नावापुढं त्यांनी घडवलेली पोरं आणि त्या पोरांचे गोल मांडलेले होते, ती नावं त्यानं वाचली. हा पोलिसात लागला. हा पोलिसात लागला. हा रेल्वेत.

बालाजी म्हणाला, गोल मारायला घातलेली पोरं चोर धरायला लावली, हे रेकॉर्ड पोलीस खात्याचं झालं, फुटबॉलचं कसं? गाडी हसली. ड्रायव्हरही हसला. बसवराज चिडला. नोकरी लागली हे काय वाईट झालं का, तुझ्या कापसापेक्षा बरंच हाय, म्हणाला. मग बालाजीनं विचारलं, की ज्यांना नोकरीही लागली नाही आणि जे पंचविशीत मैदानावरही दिसले नाहीत, त्यांची नावं सुदर्शनच्या मोबाइलमध्ये कुठं हायेत?

सुदर्शननं चष्मा पुन्हा पुसला. तसलं कोण लिहून ठेवतं, म्हणाला.

तेव्हा बसवराजनं हुकमाचं पान टाकलं. हात लांबवून त्यानं हनुमंतच्या खांद्यावर थाप मारली. "अरे, जिता पुरावा पुढं बसलाय. सोळा वर्षांचं पोरगं, समोर लातूरचे बैल, अन् गोल. कुणी घातलं ह्याला मैदानात? बोल की हणमंतभाऊ."

बोलतो तिथं, एवढंच हनुमंत म्हणाला.

आपल्याकडं अर्धा मुलूख एक जूनला जन्मलेला आहे. सगळ्यांनी वाढदिवस करायचा ठरवला तर त्या दिवशी बेकऱ्या रिकाम्या पडतील. पोर शाळेत आणून उभं केलं की गुरुजी आईबापाला तारीख विचारायचे, आईबाप एकमेकांकडं बघायचे, आणि गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. साल किती, तर पोर पहिलीत बसेल इतकं. हनुमंतचं तसंच झालं. राजकन्येला शाळेत घालायचं होतं, शाळा शेजारच्या गावात, मधी ओढा. एकटी जायला ती तयार होईना. बापानं धाकट्यालाही सोबतीला म्हणून नेऊन उभं केलं. गुरुजींनी दोघांचीही नावं घातली आणि धाकट्याला एका सहीत दीड-दोन वर्षांनी मोठा करून टाकला. ह्यात कुणाचं पाप नव्हतं. कागद मोठा झाला तरी हाड त्याच्या चालीनंच वाढतं, एवढं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हनुमंतचा खरा जन्म त्याच्या आईला, केवळाबाईला, पक्का ठाऊक होता. किल्लारीचा भूकंप झाला, हदगावात पहाटे भांडी वाजली, तेव्हा पोर तिच्या पोटात होतं. हे साल मराठवाड्यात कुणी विसरत नाही. आप्पासाहेबांनी हनुमंतला मोठ्यांच्या टीममध्ये घेतलं, तेव्हा केवळाबाई एस.टी.नं नांदेडला आली आणि मैदानाच्या कडेला उभी राहून त्यांना हे सांगून गेली. साहेब, हे भूकंपाच्या वक्ताला पोटात होतं, ह्याला मोठ्या बाप्यांत घालू नका. आप्पासाहेब हसले होते. कागद सोळा म्हणतो, बाई, कागदाचं ऐकायचं. हनुमंत लाजेनं मेला होता आईच्या पायी. घरी जा म्हणून तिच्यावर खेकसला होता. चौदा वर्षांचं पोर दुसरं काय करणार?

गोल त्याच हिवाळ्यातला. गुडघा गेला उन्हाळ्यात. पहिल्या मॅचला सुजला, दुसऱ्या मॅचला आप्पासाहेबांनी पट्टी आवळून, गोळी देऊन उतरवला. तिसऱ्या मॅचला तो उचलूनच बाहेर आणावा लागला. डॉक्टर म्हणाले, ह्याचं हाड अजून वाढायचं होतं, आता वाढीची जागाच फुटली. पुढं आप्पासाहेबांना दुसरं पोर सापडलं. कागदावर सोळाचं.

लातूरच्या मैदानावर गर्दी बरी होती. एका कडेला मंडप, माइक, प्लास्टिकच्या खुर्च्या. आप्पासाहेब पांढरेशुभ्र कपडे घालून बसले होते. वय झालं तरी आवाज तोच, मैदानाच्या पल्याडच्या पोराला पाणी प्यायला लावील असा. पहिला अर्धा डाव बरोबरीत सुटला आणि लोक मंडपाकडं वळले. आप्पासाहेबांनी हनुमंतला जवळ ओढलं, पाठीवर हात ठेवला.

"भाचीचं काय ठरलं?"

"सर, ती चौदाची हाय."

"मग?" आप्पासाहेब हसले. तेच हसू. "तू बी चौदाचाच होतास की. काय बिघडलं?"

एवढी वर्षं हनुमंतनं स्वतःची एक समजूत घालून ठेवली होती. आई अडाणी, सरांनी तिचं बोलणं मनावर घेतलं नसेल. सर फसले असतील कागदाला, आपल्यासारखेच. ती समजूत तिथंच, मंडपाच्या दोरीपाशी, मेली. ह्या माणसाला ठाऊक होतं. चौदा म्हणून ठाऊक होतं, आणि आकडा अजून पाठ होता.

नाव पुकारलं. सुदर्शननं हार पुढं केला. हनुमंतनं तो घेतला, शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि माइक हातात घेतला. मग खाली वाकून त्यानं बूट काढले. लोकांना वाटलं, गुरूच्या पाया पडणार. कुणीतरी टाळ्याही सुरू केल्या. डाव्या बुटाचा तळ चांभाराकडून जाड करून घेतलेला होता. तो बूट बाजूला गेला आणि हनुमंत सरळ उभा राहिला. उजवा पाय जमिनीवर सपाट. डावी टाच अधांतरी.

"सरांनी आत्ता मला इचारलं, काय बिघडलं," तो म्हणाला. "हे बिघडलं. बघून घ्या."

टाळ्या थांबल्या. मागचे लोक पुढच्यांना काय झालं म्हणून विचारू लागले.

हनुमंत थांबला नाही. त्यानं एक जून सांगितला, ओढा सांगितला, गुरुजी सांगितले. त्यावर लोक हसलेही, कारण ऐकणाऱ्यांतले निम्मे एक जूनचेच होते. मग त्यानं तिसरी मॅच सांगितली. त्या मॅचनंतर उजवा पाय वाढत राहिला आणि डावा तिथंच थांबला. सोळा पूर्ण झालेल्या गड्याचा गुडघा दुखला तर तो लंगडतो, म्हणाला. ज्याचं हाड अजून उगवायचंय त्याचा पाय असा होतो. हा माझा दाखला. ह्याच्यावर कुठल्या गुरुजीची सही न्हाई.

आप्पासाहेब उठले. माइक न घेताच त्यांचा आवाज पोचला. "संधी दिली मी तुला. उपकार इसरलास? तुझी आईच आली होती माझ्याकडं."

"हाव, आली होती," हनुमंत म्हणाला. "माझं वय सांगायला."

पुढं बराच गोंधळ झाला. बसवराजनं माइक ओढला आणि पाय ज्याचा त्याचा असतो, खेळात लागतंच, वगैरे सुरू केलं. कुणीतरी हनुमंतला निमकहराम म्हणालं. अकादमीच्या पोरांना तिथल्या कोचनं उठवून पलीकडं नेलं, पण जाता जाता एका पोराचा बाप त्याला बाजूला घेऊन हळूच काहीतरी विचारू लागला आणि पोरगं मान हलवून बोटं मोजायला लागलं. मग पंचानं शिट्टी मारली. मॅच कुणासाठी थांबत नसते. हार खुर्चीवर तसाच राहिला. नंतर त्यावर कुणीतरी बसलं.

मॅच संपली तेव्हा हनुमंतनं भोकरला फोन लावला. उचलला साक्षीनंच.

"मामा, निघू का मी?"

"न्हाई."

ती म्हणाली, "तू गोल मारलास ना चौदा वर्षांचा असताना. मला कामून न्हाई?"

तो म्हणाला, मी मारला आणि पुढल्या साली संपलो. तुला अजून लई गोल मारायचेत. तुझ्या वयाच्या पोरींसंग खेळ, हाडं पक्की होऊ दे, सोळाची झालीस की मी स्वतः तुला घेऊन येतो. लातूरला नको, दुसरीकडं. साक्षीनं फोन आईकडं दिला. राजकन्या म्हणाली, की रडते, पण बॅग आत नेली. आणि मग म्हणाली, मी त्या दिवशी एकटी ओढा वलांडून गेले असते तर बरं झालं असतं रे.

"तू सात वर्षांची होतीस, अक्का," हनुमंत म्हणाला. "तुझ्याकडं काय लागतं? चोर दुसरा हाय."

क्रुझरपाशी आला तर पुढच्या सीटवर बसवराज बसलेला. हात छातीवर बांधून, समोर बघत. सुदर्शन मोबाइलमध्ये डोकं घालून. ड्रायव्हरनं आरसा उगाच नीट केला. अर्थ सरळ होता. आप्पासाहेबांचं नाव मातीत घालणाऱ्याला मानाची जागा कशाला?

हनुमंतनं दार उघडलं. "बसवराज, ऊठ."

"मागं बस. आज जागा न्हाई तुला."

"मान मागून न्हाई राहिलो मी. मान तुझ्यापाशी ठेव. हा पाय मागं मावत न्हाई. पयल्यापासून मावत न्हाई. तुम्ही मला ह्या पायापायी पुढं बसवत आलात, फक्त तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता कळलं. ऊठ."

बसवराजनं मागं बघितलं. कुणीच त्याच्या बाजूनं बोललं नाही. बालाजीनं सरकून बाकड्यावर जागा केली आणि ती जागा तळहातानं झटकलीसुद्धा. बसवराज उतरला. उतरताना पुटपुटला, की रेकॉर्ड पुसत नसतं असल्या बोलण्यानं.

गाडी अहमदपूरपर्यंत मुकी चालली. मग मागून सुदर्शननं घसा साफ केला. त्याला खरंच अडचण पडली होती. चौदा वर्षांच्या पोराला नियमानं उतरवताच येत नव्हतं, मग तो गोल धरायचा की नाही? धरला नाही तर लातूरला गाडलेलंही जातं, आणि ते साल पुरतं कोरं पडतं.

बालाजी म्हणाला, घाल खड्ड्यात. बसवराज म्हणाला, बघा, आता आपलीच शील्ड बुडवा. पुन्हा दोघं एकमेकांवर चढले. गाडीत बरं वाटेल असा आवाज झाला.

हनुमंतनं डावा पाय समोर पुरता लांब केला.

"धर," तो म्हणाला. "गोल मी मारलाय, रडत मारला न्हाई. फक्त आप्पासाहेबाच्या नावापुढनं काढ अन् माझ्या नावापुढं टाक. वय चौदा लिही."