मागे पडणारी नाडी

एक बारीकशी गुलाबी गोळी काढून टाकण्यात घड्याळजीचा फायदा काय होता? पुष्कळ होता. त्याचं दुकान दोन माणसांवर चालायचं: हात त्याचे, जीभ बायकोची. तो डोळ्याला भिंग लावून खाली मान घालायचा आणि गिऱ्हाइकाला गुंडाळायचं काम ती करायची. 'उद्या या' हे ती इतक्या गोडीने सांगे की चार फेऱ्या मारूनही माणूस रागवायचा नाही. घड्याळजीने तोंड उघडलं की मात्र दारात आलेलं गिऱ्हाईक माघारी वळायचं. गोळ्या सुरू झाल्यापासून ही जीभच थंडावली होती. बायको बसल्याजागी पेंगायची, वरच्या मजल्यावर घरी जाताना अर्ध्या जिन्यात टेकायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नवऱ्याला टोमणे मारेनाशी झाली होती.

दुखणं लिव्हरचं. लिव्हर म्हटलं की लोक आधी बाटली शोधतात. या घरात बाटली होती ती घड्याळाच्या तेलाची. तरी भेटायला आलेल्या नणंदेने, वहिनी, कधी औषध म्हणून तरी घेतली होती का, असं आडून विचारून घेतलंच. "तुमचे दादा जेवढं बोलतात ना, तेवढी," असं उत्तर मिळालं. खरं कारण जुनं होतं. तरुणपणी एका ऑपरेशनात चढवलेल्या रक्तातून कावीळ अंगात शिरली आणि वर्षानुवर्षं आतल्या आत मुरत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, घशातून दुर्बीण घातली आणि समजावूनही सांगितलं. लिव्हर दगडासारखं झालंय, रक्ताला त्यातून वाट मिळत नाही. तुंबलेलं रक्त आडवाटा धरतं, त्याने अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात. एखादी फुटली तर जिवावर बेतेल, म्हणून दाब उतरवायची ही गोळी, ती चुकवायची नाही. बाहेर रांग खोळंबली होती. बाईंनी पुढचा कागद ओढला.

घड्याळजीने घरी येऊन बारीक स्क्रू ठेवायची खणांची डबी रिकामी केली, धुतली आणि तिच्यात गोळ्या भरल्या. रोज दुकान उघडण्याआधी तो बायकोचं मनगट धरायचा आणि सेकंदकाट्यावर ठोके मोजायचा. पूर्वी ऐंशीवर धावणारी नाडी आता जेमतेम साठ भरत होती. जन्मभर त्याने एकच रोग ओळखला होता: मागे पडणं. जे मागे पडतं त्याचं तेल सुकलेलं असतं, नाहीतर स्प्रिंग थकलेली असते. तिसरं कारण त्याला माहीत नव्हतं. त्यात औषधवाल्याने तिच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला, तर तो आधीच खाली. मग दाब उतरवायची गोळी हवी कशाला? डॉक्टरीणबाईंना विचारायचं तर जीभ लागते, आणि या घरातली जीभच तर आजारी होती. त्याने गुलाबी गोळी डबीत भरणं बंद केलं.

आठवडा सरायच्या आत काटा जागेवर आला. ती जिना एका दमात उतरून दुकानात यायला लागली. "भिंग लावून बायकोकडे कसले बघता? मला काय चावी द्यायचीय?" असं भर गिऱ्हाइकात ऐकवायला लागली. एवढी नाजूक दुरुस्ती आपण कधी केली नव्हती, असं वाटून घड्याळजी गालातल्या गालात हसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका मास्तरांशी घड्याळाच्या पट्ट्याच्या भावावरून घासाघीस रंगात आली असताना, ती मधेच थांबली. हात तोंडाकडे गेला. काउंटरच्या काचेवर रक्ताची उलटी झाली, इतकी की काचेखालची घड्याळं दिसेनाशी झाली.

दवाखान्यात रक्त चढवलं, दुर्बिणीतून फुटलेल्या शिरेला रबराची कडी घालून ती आवळली. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "काकू, गोळी रोज घेत होतात ना?"

घड्याळजीने तोंड उघडलं. पण बोलण्यात तो तिच्यापुढे कधी गेला होता?

"मीच सोडली," ती म्हणाली. "सुस्ती यायची फार."

बाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तशी तिने सगळी बोलणी मान डोलावत ऐकून घेतली. बाई गेल्यावर घड्याळजीने कसंबसं विचारलं, असं का सांगितलंस.

"तुम्ही बोलला असतात तर गिऱ्हाईक गेलं असतं," ती पुटपुटली. मग जरा दम खाऊन म्हणाली, "डबीतली गुलाबी गेली ते मला पहिल्याच सकाळी कळलं. पण अहो, जिना चढता यायला लागला. म्हटलं, चालू दे."

दोन दिवसांनी पुन्हा रक्त सुटलं. या वेळी कडी घालायलाही सवड मिळाली नाही.

तिचं दिवसकार्य आटोपल्यावर घड्याळजी एकटा डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि अडखळत, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः बोलला.

"नाडी मंद झाली, म्हणजे गोळी लागू पडली होती," त्या म्हणाल्या. "ती तशीच मंद राहायला हवी होती. दाब दंडातला नव्हता, काका, पोटातल्या शिरेतला होता." आणि मग, खाली बघत, "हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

हिशोब करायची सवय बायकोची, तो आता याच्या गळ्यात पडला. डॉक्टरीणबाईंचं एक वाक्य बोलायचं वाचलं, रांग तेवढी पुढे सरकली. बायकोला चार दिवस जिना मिळाला. घड्याळजीला तिची जीभ परत मिळाली, थोडी का होईना. मिळवणारे तिघं होते. बिल चुकतं तिने एकटीने केलं, आणि जाताना नवऱ्याच्या नावावरची चूकही आपल्या नावावर करून गेली.