ऑरिनकाकाचा तुकडा

"वेंडलकाका, हॅट मागे घे, माझ्या नाकात जातेय!" मी ओरडले. खरं तर स्टेजवर माझं काहीच काम नव्हतं. बाबांचं ते माणसाएवढं तारांचं वाद्य, बास, उचलून आणायला हात लावला होता, एवढंच.

मेस्किट फ्लॅट बॉइज हा बाबांचा आणि वेंडलकाकाचा बँड. सगळे एकाच माइकसमोर गातात, पणजोबांच्या काळात गायचे तसे. ज्याचा एकट्याने वाजवायचा तुकडा येईल तो पुढे, बाकीचे मागे. बाबा आठवडाभर विहिरींचे पंप दुरुस्त करतात आणि शनिवारी बास वाजवतात. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, त्यांच्या भावाचं, ऑरिनकाकाचं. मार्चमध्ये काका गेला. तेव्हापासून त्याचा तुकडा आला की सगळे सवयीने मागे सरतात आणि माइकसमोर कुणीच नसतं. नुसता बास धप् धप् करत राहतो.

तो तुकडा मला हवा होता. मी शाळेत फिडल वाजवते, आणि खोटं कशाला बोलू, मस्त वाजवते! घरी विचारलं तर बाबा म्हणाले, "बघू." मार्चपासून सगळ्यालाच बघू. जेवायला काय करू? बघू.

मग एका शनिवारी दुपारी काउंटीच्या जत्रेत आमच्याआधी पोरांचा एक बँड होता. तशाच हॅट, तसाच एक माइक. इकडची पोरं आमच्याच बँडला बघून शिकतात. त्यांनी आमचंच गाणं घेतलं. मध्यावर सगळे मागे सरले. त्यांचा फिडलवाला चांगला धडधाकट, तोही मागे! नुसता बास. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खाली उतरल्यावर वेंडलकाकाने त्या पोराला गाठलं. "वाजवलं का नाहीस रे?"

"तुम्ही तसंच करता ना, सर? त्या शांततेची खूप तालीम केली आम्ही. लई अवघड आहे!"

वेंडलकाका हसायला लागला, मग थांबला. बाबा बासच्या तारा पुसत होते. पुसतच राहिले.

"आता सगळे असंच वाजवणार," मी म्हटलं. "काका काय वाजवायचा ते कुणाला कळणारच नाही. बाबा, ट्रकमध्ये फिडल आहे."

"कुणाचं?"

"काकाचं. मी आणलंय."

बाबांनी फडकं खिशात कोंबलं आणि बास उचलला. "बघू"सुद्धा म्हणाले नाहीत.

आमचं गाणं मध्यावर आलं. सगळे मागे सरले. मी काकाचं फिडल घेऊन कडेला उभी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त बासचं ते धूड घेऊन आणखी एक पाऊल मागे गेले. वाट झाली.

मी वाजवलं. मध्ये अडखळलेसुद्धा. बास होता तसाच, धप् धप्. तुकडा संपला, मी मागे वळले आणि थेट बाबांच्या कोपरावर आदळले.

"डावीकडून," बाबा बोटं न थांबवता म्हणाले. "ऑरिन डावीकडून मागे जायचा."