रस्त्यापलीकडचा खोकला

आमची ताई पाट्या रंगवते. चाळीस वर्षं झाली, पट्टी नाही की दोरी नाही. शिडीवर चढायचं, डावा डोळा मिटायचा, उजव्याने नेम धरायचा आणि अक्षरांखालची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढायची. मी धाकटा भाऊ. रंग ढवळून देतो, शिडी टेकवतो आणि रेघ सुरू झाली की रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहतो. शिडीवरच्या माणसाला अख्खी पाटी दिसत नाही ना! रेघ ढळली की मी एकदा खोकायचं, तिने थांबून पुसायचं. ओरडायचं नाही, चारचौघांत ताईची शोभा होते.

खोटं कशाला बोलू, वर्षातून दोनदासुद्धा खोकावं लागत नसे. दुकानदार हातातला चहा विसरून तिच्याकडे बघत राहायचे. मलाही ऊर भरून यायचा आणि मग मी उगाचच तिला टोचून बोलायचो.

गेल्या वर्षी तिच्या रेघांना मधोमध पोट यायला लागलं. पहिल्यांदा मी खोकलो. तिने पुसून परत ओढली, परत पोट. पुन्हा खोकलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही पोटच. साठी उलटलेली बहीण, शिडीवर उभी, हातात फडकं, कसा खोकणार? गप्प बसलो. तिला वाटलं, जमलं. तेव्हापासून ती घरी गेली की मी गुपचूप पट्टी घेऊन जायचो आणि रेघ सुधारून यायचो.

चष्म्याच्या दुकानाची पाटी झाली त्या संध्याकाळी मात्र मला ताप भरला आणि ते राहिलं. दुकानदाराने भीत भीत ताईला बोलावून घेतलं. तिने पाटीवर दोरी ताणून धरायला लावली आणि दोरी नि रेघेच्या मधून बोट फिरवलं. दोन बोटं मावली. दुकानदार भला माणूस, त्यानेच तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पातळ पापुद्रा चढलाय, त्याने पडदा चुरगळलाय. ऑपरेशन करून पापुद्रा काढता येईल. वाकडं दिसणं बरंच कमी होईल, पण सगळं जाईलच असं नाही. मोतीबिंदू लवकर येईल आणि क्वचित एखाद्याचा डोळा आणखी बिघडतोही. घाई नाही, विचार करा. ताईने डोळा तपासायचा, सरळ रेघांच्या चौकटींचा कागद घरी आणला आणि उजव्या डोळ्याला दिसत होतं तस्सं, एकेका रेघेचा वाक धरून, चित्र रंगवून नेऊन दिलं. बाईंनी ते चित्र मशीनने काढलेल्या पडद्याच्या फोटोशेजारी ठेवलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. बहीण कोणाची!

भाची म्हणाली, कशाला जोखीम? मी म्हणालो, डाव्याने नेम धर. ताईने आठवडाभर जुन्या फळ्यांवर तेही करून पाहिलं. हात ऐकेना. मग एका दुपारी स्वयंपाकघरात ब्रश धुता धुता तिने विचारलं, "चष्मेवाल्याच्या पाटीच्या वेळी तू समोरच होतास ना?"

"होतो."

"दिसत होतं?"

"दिसत होतं गं."

तिने नळ बंद केला. "एक डोळा गेला तर दुसरा आहे. पण तू खोकला नाहीस तर मी आंधळीच. ऑपरेशन करून घेते मी. रेघ वाकडी यायची ती येऊ दे, तू मात्र खोकायचंस."

मला रडू आलं. बाप्या माणसाने रडू नये म्हणतात, म्हणोत.

ऑपरेशन झालं. चार महिन्यांनी बाईंनी शिडीवर चढायला परवानगी दिली. बारीकसा वाक राहिलाच होता. पहिली पाटी तिने चष्मेवाल्याचीच मागून घेतली, फुकट. मी रस्ता ओलांडून उभा राहिलो. डावा डोळा मिटून तिने रेघ ओढायला घेतली. मधलं पोट गेलं होतं, पूर्वीसारखी सुरेख, एका दमातली रेघ. शेवटच्या वीतभर अंतरात मात्र केसभर खाली उतरली. दुकानदाराच्या बापालाही कळली नसती. तो तर टाळ्या वाजवायच्याच बेतात होता.

मी खोकलो.

ब्रश जागच्या जागी थांबला. तिने खांद्यावरचं फडकं घेतलं आणि तेवढा तुकडा पुसला.

"आहेस होय अजून," मागे न बघताच ती म्हणाली आणि ब्रश रंगात बुडवला.