वनमालाबाईंचे वाचक

वनमालाबाई गेल्या आणि अच्युतरावांना घरात बोलायला कोणी उरलं नाही. रेल्वेच्या नोकरीतून ते केव्हाच निवृत्त झाले होते. मुलगी राधिका नवा रायपूरच्या ऑफिसातून दमून यायची, जेवायची, झोपायची. तिनंच त्यांना शहराच्या एका ऑनलाइन फोरमवर खातं उघडून दिलं.

"यहाँ लिखिए बाबा, मन लगेगा."

ते बायकोबद्दल लिहू लागले, हिंदीत. भाजीवालीशी छत्तीसगढीत हुज्जत घालून शेवटी तिलाच चहा पाजणारी वनमाला. नवं लुगडं आधी शेजारणीला नेसायला देणारी वनमाला. पहिल्या लेखांकडे कोणी फिरकलं नाही. मग एकाएकी शेकड्यांनी पसंतीची मतं पडू लागली. 'सिलतरा की मीरा' नावाची एक बाई तर प्रत्येक लेखाखाली लिहायची, "बहुत सुंदर, बाबूजी. और बताइए." माहेरापासून लांब, सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या धुरात नांदणारी कोणी सून असेल, असं अच्युतरावांनी मनाशी ठरवून टाकलं. तिला ते आवर्जून उत्तर देत. तीजेच्या सणाला त्यांनी तिला आशीर्वादही पाठवला.

एका रविवारी सकाळी खातं उघडेना. 'मतांमध्ये फेरफार केल्यामुळे बंद', एवढाच निरोप होता.

"मी काय केलं?" अच्युतराव म्हणाले. "मले चोर म्हणून राहिले हे लोक."

राधिकानं फोरम सांभाळणाऱ्या शिशिरला फोन लावला. फोन ठेवल्यावर ती त्यांच्याजवळ येऊन बसली. कोणीतरी हजारो खोटी खाती चालवत होतं, कारखान्यांच्या धुराच्या तक्रारी खाली दाबायला. ती खाती खऱ्या माणसांची वाटावीत म्हणून आधी साध्यासुध्या लेखांवर त्यांच्याकडून मतं टाकून घेतली जात.

"आपके लेख चुन लिए थे उन्होंने. तुमची चूक नाही. खातं चालू होईल."

"अन् मीरा?"

"वो भी मशीन थी, बाबा."

"मंग माझं वाचलं कोणी?"

पहिल्या लेखानंतर राधिकानंही वाचलं नव्हतं.

खातं सुरू झालं. खोटी मतं गेली होती, लेख तेवढे उरले होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती एकेक लेख वाचत गेली. एक दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्याचा होता. ग्लानीत वनमालाबाई नर्सलाच राधिका समजल्या. दुपारभर तिचा हात धरून बोलत होत्या, ऑफिसात त्रास होतो का, डबा संपवतेस का, विचारत होत्या. नर्स सगळ्याला छत्तीसगढीत "हव, दाई", हो आई, म्हणत राहिली.

राधिका डबा तसाच बंद करून घरी आली.

"बाबा, आईचं ते... मला काहून नाही सांगितलं?"

"तुले दुखलं असतं. तोंडानं नाही जमलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "लिहिलं होतं ना. वाटलं, तू वाचशील."

ती त्यांच्या गुडघ्याला टेकून रडली. ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. पण लिहायला त्यांनी पुन्हा घेतलं नाही. राधिकानं पुढे कितीदा म्हटलं, तरी ते एवढंच म्हणत, "आता राहू दे."