कागद न हलवणारा दरवाजा

फिरत्या दरवाजात व्यवस्थापकांचा फायदा सरळ होता: वरच्या मजल्यावरची खिडकीची खोली. इमारतीतली गरम हवा बाहेर पळायची थांबली आणि विजेचं बिल उतरलं, तर जिन्याखालचं टेबल सोडून तुम्ही वर बसा, असं मालकीणबाईंनी कबूल केलं होतं. व्यवस्थापकांनी तेवढ्यावर पडद्याचा रंगही ठरवून टाकला.

पाहायला दरवाजे दोन होते. पहिला नुसता हात लावला तरी गरकन फिरे. दुसऱ्याच्या पात्यांना कडेने दाट ब्रश होते. विक्रेत्याने पंख्याचा झोत सोडून पहिल्याच्या फटीशी कागदाची पट्टी धरली, ती फडफडली. दुसऱ्यापाशी ती हूं की चूं करेना. व्यवस्थापक त्या पट्टीवरच भाळले. जेवताना त्यांनी तो प्रयोग बायकोलाही करून दाखवला.

स्वागताच्या टेबलावर त्यांची मेव्हणी बसायची, थंडीभर शाल गुंडाळून. दाराचा सगळा वारा तिच्याच वाट्याला. तिने विक्रेत्याकडे जाऊन दुसरा दरवाजा ढकलून पाहिला, दोन्ही हातांनी.

"भावजी, वारा अडतोय खरा. पण माणसं आत कशी यायची?"

तुझ्या अंगात जोर नाही त्याला दरवाजा काय करणार, असं म्हणून भावजींनी विषय मिटवला.

दरवाजा बसला. कागद हलेना, तसा दरवाजाही हलेना. हातात फायली, खांद्याला पिशवी, अशी माणसं एकदा खांदा लावून बघत आणि निमूट शेजारच्या साध्या दाराने आत येत. ते दार चाकाच्या खुर्चीसाठी आणि अवजड सामानासाठी ठेवलेलं. आता त्याला मिटायला उसंत मिळेना. बिल होतं तिथेच राहिलं. मेव्हणीने शालीखाली स्वेटर चढवला, आणि भावजी समोरून गेले की ती एक कागदाची पट्टी हातात उभी धरून बसे. पट्टी मजेत फडफडे.

अखेर व्यवस्थापकांनी मन घट्ट करून मिस्त्रीकडून ब्रश विरळ करून घेतले. दरवाजा एका हाताने फिरू लागला. पण लोकांच्या पायांना एव्हाना बाजूच्या दाराची सवय झाली होती. 'कृपया फिरता दरवाजा वापरा' अशी पाटी लावली, तर लोक पाटीला वळसा घालून जात.

एके सकाळी मालकीणबाई आल्या, त्याही बाजूनेच. मागे वळून त्यांनी पाटी वाचली.

"ही सवय लावली कुणी?"

विक्रेत्याचं नाव व्यवस्थापकांच्या जिभेवर आलं होतं. पण मेव्हणी बघत होती.

"मीच, बाई."

"मग मोडायलाही तुम्हीच बसा."

जिन्याखालचं टेबल उचलून बाजूच्या दाराशी आलं. "इकडून नाही, तिकडून या," असं व्यवस्थापक दिवसभर म्हणत राहिले, आणि लोक हळूहळू फिरत्या दरवाजाने येऊ लागले. बिल उतरलं. ते मालकीणबाईंच्या खाती. कचेऱ्यांमध्ये ऊब टिकली, ती भाडेकरूंच्या. मेव्हणीचा स्वेटर सुटला, मग शालही सुटली. खिडकीची खोली रिकामीच आहे, आणि शाल हल्ली भावजींच्या खांद्यावर असते.