काकूचा समुद्र

शाळेसाठी खडकांतल्या डबक्याचं मॉडेल करायचं होतं. ओहोटीला समुद्र मागे सरतो, खळग्यांत थोडं पाणी उरतं, त्यात अडकलेले तारामासे, खेकडे, शंख मांडून दाखवायचे. आईने सगळं वाचून ठेवलं होतं, कागदाचा लगदाही भिजत घातला होता. पण लेकीने दप्तर टाकलं, लगद्याचं पातेलं उचललं आणि थेट वरच्या मजल्यावर मोठ्या काकूकडे गेली.

संध्याकाळी आई हाक मारायच्या निमित्ताने वर गेली. ट्रेमध्ये खडक झकास जमले होते. जाऊबाईंच्या हाताला गुण होता, नाही म्हणायची सोय नव्हती.

"हे पाणी बघ. काकूने डिंकात निळा रंग घातलाय. वाळला की काचेसारखा दिसणार."

थर चांगला बोटभर होता. इतका जाड डिंक ओतला की वर साय धरते आणि आत चिखल राहतो. कॉलेजात मॉडेल करताना तिचे हात पोळले होते. सांगायचं ओठांवर आलं होतं.

"आईला नाही असं जमत," लेक काकूच्या खांद्यावर हनुवटी टेकून म्हणाली.

आईने ओठ मिटले. 'बघू दे आता काकूची काच,' ती मनात म्हणाली.

सकाळी डिंक दुधाळ आणि लिबलिबीत. तारामासे दिसेनात. लेकीचा चेहरा पडला. आता ती आपल्याकडे येईल म्हणून आईने हातसुद्धा पुढे केले. लेक वळली ती काकूकडे.

"असू दे गं काकू. तू काय मुद्दाम केलंस का?"

'मुद्दाम' हा शब्द आईला काट्यासारखा रुतला.

"चमचा आण," ती म्हणाली. "ओहोटी आहे ना? मग एवढं पाणी कशाला?"

तिने डिंक उपसला, खळग्यांत पातळसा थर ठेवला. एकेक तारामासा वर आला. जाऊबाई केस वाळवायचं यंत्र धरून बसल्या.

"तुला हे कालच ठाऊक होतं, होय ना?"

"थोडंफार."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुमचा डाव रंगला होता. कशाला मोडा?"

जाऊबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि यंत्राचं तोंड ट्रेकडे वळवलं.

शाळेत बाईंनी विचारलं, "कोणी कोणी केलं हे?"

"खडक काकूचे, मासे माझे."

दाराशी उभ्या आईने श्वास रोखला.

"आणि पाणी आईने काढून टाकलं."

बाई हसल्या. नखांतला निळा डिंक खरवडत आईही हसली, बाईंपेक्षा जरा उशिरा.